विसाला नऊशे ग्रॅम

माझा बाप काटा मारायचा. हे मी पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आमच्याकडे असल्या गोष्टी लोक आयुष्यभर दाबून ठेवतात आणि माणूस गेल्यावर तेराव्याला जेवता जेवता कुजबुजतात. धर्मेंद्र हे त्याचं नाव. शेंदूरजनाघाटला संत्र्याचा व्यापार. माणूस प्रेमळ, मोझरीच्या आश्रमातल्या प्रार्थनेला न चुकता जाणारा, मुंगीवरही पाय न देणारा, आणि वीस किलोच्या कॅरेटमागं नऊशे ग्रॅम गिळणारा. शेतकऱ्यानं वीस किलो आणले की आमचा काटा एकोणीस किलो शंभर दाखवायचा.

मला माहीत नव्हतं म्हणाले तर ते अर्धं खोटं होईल. काटा मारतात हे व्यापाऱ्याच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. फक्त ते दुसऱ्याच्या शेडमध्ये मारतात असं वाटतं. माझ्या दुधाला, बदामाला, कुस्तीच्या बुटांना पैसा कुठून येतो हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बूट परत करावे लागले असते.

मी दीपमाला. त्रेपन्न किलो गटातली पैलवान. बाराव्या वर्षी गावच्या जत्रेत पोरांशी लढले. पहिल्याच पोराला चीत केलं, तर त्याच्या मामानं पंचाशी भांडण काढलं, की पोरीनं पोराच्या अंगाला हात लावलाच कसा. कुस्तीत हात लावायचा नाही तर काय पोस्टकार्ड टाकायचं? मग अकोल्याला कुलदीप सरांकडे गेले. पत्र्याच्या छताखाली आठ वर्षं मॅटवर घासले. राज्याची दोन सुवर्णं, राष्ट्रीयचं एक रौप्य, ज्युनिअर आशियाईत पाचवी. एकदा युरोपात जाऊन बेचाळीस सेकंदांत हरले. जायला अठरा तास, यायला अठरा तास, मॅटवर बेचाळीस सेकंद. त्यावर आमच्या गल्लीतले लोक विचारत होते, तिकडे बर्फ होता का.

यंदा मार्चमध्ये तेवीस वर्षांखालच्या आशियाई स्पर्धेसाठी माझी निवड झाली. स्पर्धा ताश्कंदला. झालं, सत्कार सुरू. माझे बूट फाटले होते तेव्हा डिंकाची बाटली घेऊनही कोणी आलं नव्हतं. आता चौकात बॅनर लागला. त्यावर अकरा पुढाऱ्यांचे फोटो, आणि खाली कोपऱ्यात तिकिटाएवढी मी. तोही फोटो बारावीच्या ओळखपत्रावरचा. त्यात मी शिंकायच्या बेतात आहे.

जानेवारीपासून चाललेला राष्ट्रीय कॅम्प संपला तेव्हा स्पर्धेच्या वजनाला नऊ दिवस उरले होते. कॅम्पमध्ये माझं वजन पंचावन्न किलो सहाशे. ठरलं असं की घरी पाच दिवस हलकं खायचं, चौपन्नपर्यंत यायचं, शेवटचा किलो तिकडे घाम काढून तोडायचा. कुस्तीत वजन शंभर ग्रॅमनं जास्त भरलं तरी घरी पाठवतात. शंभर ग्रॅमनं काय होतं हे साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलंय, मी सांगायची गरज नाही.

घरी आले आणि बॅग ठेवायच्या आधी शेडमधल्या काट्यावर चढले. आई, म्हणजे मैनाबाई, बाबांच्या खुर्चीमागं जाऊन आकडा वाचायला लागली. काट्याचं तोंड बाबांच्या खुर्चीकडेच असायचं. त्यातही काही अर्थ असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"त्रेपन्न शंभर," आई म्हणाली. "माय वं. रेल्वेत काहीच नाही खाल्लं का?"

बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"अडीच किलो कसं उतरलं?" मी म्हणाले.

"नाही उतरलं," बाबा घाईनं म्हणाले. "म्हणजे काटा जुना हाय, बेटा. दोन-अडीच किलो जास्तच धरून चाल."

तिथं नत्थुजी बसले होते. आमच्याकडे पंधरा वर्षांपासून माल घालणारे बागायतदार. अंगानं वाळलेले, जिभेनं ओले. त्यांनी मान वर केली.

"जुना कावून? मागच्या साली तुमीच तर म्हणत होते, नवा कंपनीचा काटा हाय नत्थुजी, सोनं मोजून घ्या."

बाबा म्हणाले, "थो संत्र्यासाठी बरोबर हाय. माणसासाठी नाही."

"संत्र्यात आन् माणसात काट्याले काय समजते?"

"संत्रं हालत नाही, नत्थुजी. माणूस श्वास घेते."

नत्थुजींनी हे ऐकून घेतलं. पंधरा वर्षं ते असंच ऐकून घेत आले होते. मी मात्र खूश होते. मला वाटलं, उन्हानं उतरलं, प्रवासानं उतरलं, नशिबानं उतरलं. वजन तोडणाऱ्या माणसाला आकडा मनासारखा दिसला की तो कारण शोधत नाही, ताट शोधतो.

आईनं पहिल्या दिवशी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे केले. दुसऱ्या दिवशी पाटवड्यांचा रस्सा. मी काही अधाशी नाही, पण तीन महिने उकडलेली कोंबडी आणि काकडी खाल्लेल्या माणसाला पाटवडीचा वास आला की त्याचं शिक्षण संपतं. आणि बाबा, जे जन्मात कधी कोणाच्या ताटात डोकावले नव्हते, ते माझ्यासमोर येऊन बसायला लागले.

"दोनच खाय," ते म्हणाले आणि तिसरा रोडगा माझ्या ताटातून उचलला.

आई भडकली. "पोरीच्या तोंडचा घास काढून राहिले तुमी? काट्यावर आकडा नाही पाह्यला का?"

"पाह्यला."

"मंग?"

"मंग काही नाही." आणि तो रोडगा त्यांनी स्वतः खाल्ला, कोरडा, तुपाशिवाय, शिक्षा भोगल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी त्यांनी फ्रिजला कुलूप लावलं. आमच्या फ्रिजला कुलूप आहे हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. आईनं किल्लीसाठी घर डोक्यावर घेतलं. मी सरळ शेडमध्ये गेले.

"तुम्हाला वाटते मी हरणार," मी म्हणाले. "म्हणून असं करून राहिले ना?"

"मले वाटते तू जड हायेस."

"रोज काट्यावर चढते मी. आज त्रेपन्न सातशे. तुमचा तुमच्याच काट्यावर भरोसा नाही का?"

बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "दीपा," ते म्हणाले, "थो काटा..."

तेवढ्यात दोन शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"थो काटा जरा पुसून घे," ते म्हणाले.

मी पुसला. काय करता. इतका चकचकीत पुसला की त्यात तोंड दिसत होतं.

चौथ्या दिवशी अमरावतीला मोठा सत्कार. सत्कार समितीचे अध्यक्ष कमलाकांत वकील. हा माणूस कोर्टात बोलत नाही असं ऐकलंय, सगळं सत्कारांसाठी राखून ठेवतो. त्यांनी माझी संत्रातुला ठरवली होती. एका पारड्यात मी, दुसऱ्यात माझ्या वजनाची संत्री, आणि नंतर ती संत्री दवाखान्यात वाटायची. समितीकडे स्वतःचा तराजू आहे, सागवानी, साखळ्यांचा. त्यात आजवर लाडू, वह्या, गूळ आणि अनेक पुढारी तोललेले आहेत. एका पुढाऱ्याच्या वेळी गूळ कमी पडला म्हणून खाली वीट ठेवली होती, असं सांगतात.

संत्री बाबाच देणार होते. पण नत्थुजी अडून बसले. "गावची पोट्टी हाय. मृग बहाराचे शेवटचे संत्रे हायेत माह्या बगीच्यात. मीच देतो. किती हाय वजन?"

मी त्या दिवशी सकाळीच मोजलं होतं. "चौपन्न."

नत्थुजींनी एक काम केलं जे आमच्या गावात आजवर कोणी केलं नसेल. ते संत्री घेऊन पोस्टात गेले. पाच-पाच किलोच्या पिशव्या करून पार्सलच्या काट्यावर एकेक मोजली. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "कुठं पाठवायची?" हे म्हणाले, "कुठंच नाही, निस्तं मोजून द्या बाई." पोस्टाचाच काटा का, तर त्यांचं म्हणणं असं, की तिथं कमी भरलं काय आणि जास्त भरलं काय, बाईंच्या घरी संत्रं जात नाही.

हॉल गच्च भरला होता. गावाकडून दोन गाड्या भरून शेतकरी आलेले. पहिल्या रांगेत आई आणि बाबा. मागं अकोल्याहून आलेले कुलदीप सर हाताची घडी घालून उभे. वकीलसाहेबांनी पंचवीस मिनिटं नारीशक्तीवर भाषण केलं. तेवढा वेळ नारीला शाल, हार आणि नारळ घेऊन उभं ठेवलं. मग मी बूट काढले, जॅकेट काढलं, हार काढला आणि पारड्यात मांडी घालून बसले. पारडं जमिनीला टेकलं. समोरच्या पारड्यात नत्थुजी पिशव्या रिकाम्या करायला लागले. दहा पिशव्या झाल्या. अकरावी चार किलोची. वर चार संत्री कपड्यांची म्हणून टाकली.

मी जागची हलले नाही.

"टाळ्या," वकीलसाहेब म्हणाले. चार-पाच लोकांनी वाजवल्या. मी खालीच.

"कर्तृत्व जड आहे हो," वकीलसाहेब माइकवर हसले. "नत्थुजी, अजून घाला."

"अजून नाही," नत्थुजी म्हणाले. "चौपन्न आणले. चौपन्न म्हणजे चौपन्न."

"मोजण्यात चूक होऊ शकते."

"पोस्टात मोजले."

हॉलमध्ये हशा झाला. वकीलसाहेबांना तो आपल्यावर आहे असं वाटलं. ते माइक धरून गोड आवाजात म्हणाले, "नत्थुजी, आपला शेतकरी भोळा आहे, पण निदान सत्कर्मात तरी हात आखडता घेऊ नये. दोन-तीन किलो संत्र्यांनी काय होतं."

हशा थांबला. नत्थुजींचा चेहरा मी पारड्यातून पाहत होते. त्या माणसाला पंधरा वर्षं रोज कोणीतरी कमी मोजत होतं, आणि आता तीनशे लोकांसमोर त्यालाच चोर म्हटलं जात होतं. ते हातातली रिकामी पिशवी उलटी करून झटकत राहिले.

मी बाबांकडे पाहिलं. ते स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

माझ्या डोक्यात सगळं एकदम आलं असं नाही. आधी सांडलेला चहा आला. मग फ्रिजचं कुलूप. मग तो कोरडा रोडगा. मग एवढंच कळलं, की पाच दिवसांनी मला त्रेपन्न व्हायचंय आणि मी आज किती आहे ते या जगात एकाच माणसाला माहीत आहे.

"बाबा," मी बसल्या जागेवरून विचारलं, "किती मारते आपला काटा?"

आईनं कपाळाला हात लावला. बाबा उठले. मला वाटलं, बाहेर जातात. ते स्टेजवर आले, माझ्या पारड्यापाशी वाकले आणि कानात आकडा सांगितला.

"मोठ्यानं सांगा, धर्मेंद्रभाऊ," नत्थुजी म्हणाले. "मले बी ऐकाचं हाय."

बाबांनी वकीलसाहेबांच्या हातातून माइक घेतला. त्यांना माइक धरता येत नाही, त्यांनी तो कणसासारखा धरला.

"विसाले नऊशे ग्रॅम," ते म्हणाले. "चुकलं माह्यं. पोरीले सांगू नाही शकलो. आता सांगून राहिलो."

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. हॉलमधल्या प्रत्येक शेतकऱ्याचे ओठ हलायला लागले. कोणी बोटं मोजत होतं, कोणी छताकडे पाहत होतं. वकीलसाहेब मोबाइलमध्ये हिशोब करत होते तोवर नत्थुजींनी जाहीर केलं.

"म्हणजे पोरगी साडेछप्पन्न."

मागून कुलदीप सरांचा आवाज आला. "पांच दिन में साढ़े तीन किलो. दीपमाला, उतर वहां से. चल."

मी उतरले, तर समोरचं पारडं धाडकन आपटलं आणि चौपन्न किलो संत्री स्टेजभर घरंगळली. वकीलसाहेबांनी एकावर पाय दिला आणि खुर्चीला धरून वाचले. त्यांचा आणि नारीशक्तीचा संबंध तिथं संपला.

बाहेर शेतकऱ्यांनी बाबांना घेरलं. मारतात की काय असं वाटलं. दोघं-तिघं बाह्या सावरत होते. पण नत्थुजी मधे आले.

"थांबा रे. पहिले पोरीचं उतरवा. आपलं मंग पाहू."

"तुमाले हिची काय पडली?" एकजण म्हणाला. "हिच्याच बापानं लुटलं तुमाले."

"म्हणूनच पडली," नत्थुजी म्हणाले. "पंधरा साल नऊशे-नऊशे ग्रॅम गेले माह्ये. हिच्या दुधात गेले, हिच्या बदामात गेले. अर्धी पोट्टी माह्या संत्र्याची हाय. थे वाया जाऊ देऊ का आता?"

बाह्या सावरणाऱ्यांनी बाह्या खाली केल्या. साडेछप्पन्न किलोच्या पैलवानाला एका वाक्यात चीत करणारा माणूस मी तोवर मॅटवर पाहिला नव्हता.

त्याच संध्याकाळच्या बसनं आम्ही चौघं अकोल्याला गेलो. कुलदीप सर, मी, बाबा, आणि काटा पाहायला म्हणून नत्थुजी. सरांच्या हॉलमध्ये शिक्का मारलेला, प्रमाणित काटा आहे. नत्थुजींनी आधी त्याच्या चारही बाजूंनी फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, स्वतः चढून पाहिलं, मग मला चढवलं. छप्पन्न पाचशे. नत्थुजींनी बाबांकडे पाहून मान हलवली. चोरी प्रामाणिक होती, असं काहीसं.

अकोल्याचं ऊन लोकांना शिवी वाटतं. मला त्या दोन दिवसांत ते देवासारखं पावलं. एप्रिल नुकता लागला होता आणि पारा बेचाळीस. दुपारी एक वाजता सरांनी मला प्लास्टिकचा सूट घातला, त्यावर दोन स्वेटर, आणि मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. बाबा सावलीत बसायला गेले.

"आप किधर?" सर म्हणाले. "आपने चढाया, आप भी उतारो." त्यांनी बाबांना एक रेनकोट दिला.

बावन्न वर्षांचा माझा बाप, पोट पुढं, भर उन्हात रेनकोट घालून माझ्यामागं धावला. तिसऱ्या फेरीला त्यांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. लिंबाच्या झाडाखाली नत्थुजी बसले होते. त्यांनी पिशवीतून एक संत्रं काढलं आणि सावकाश सोलायला घेतलं. आम्ही समोरून गेलो की ते एक फोड तोंडात टाकायचे आणि डोळे मिटायचे.

"बंद करा ना नत्थुजी," बाबा धापा टाकत म्हणाले. "घसा सुकला."

"काय करू, भाऊ. वीस किलोतले नऊशे ग्रॅम उरले. संपवून राहिलो."

मला हसू आलं आणि हसण्यात श्वास गेला, म्हणून सरांनी दोन फेऱ्या वाढवल्या. चौथ्या फेरीपासून मी बाबांवर चिडणं थांबवलं. माफ केलं नाही, चिडायला लागणारं पाणीच अंगात उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी अकोल्याहून निघताना काट्यानं पंचावन्न दाखवले. स्टेशनवर बाबांनी माझी बॅग डब्यात चढवली.

"उतरंल ना वं?" ते म्हणाले.

"नाही उतरलं तर घरी येईन. तुमच्या काट्यावर बरोबर भरते मी."

हे मी मुद्दाम लागेल असं बोलले. लागलं.

ताश्कंदला उरलेले तीन दिवस मी काय केलं ते लिहायला मजा नाही. थुंकून थुंकून वजन तोडतात हे वाचणाऱ्याला खरं वाटणार नाही. शेवटच्या सकाळी रांगेत उभी होते. पुढं कझाकस्तानची पोरगी, मागं जपानची, सगळ्यांचे गाल आत गेलेले, सगळ्या एकाच घरातल्या दिसत होत्या. काट्यावर चढले. तिथल्या बाईनं आकडा वाचला, माझी पावलं नीट आत आहेत का पाहिलं, परत वाचला. बावन्न नऊशे पन्नास. तिनं कागदावर खूण केली. मी उतरेना. मी वाकून काट्याखाली शिक्का शोधत होते. तिनं खांद्याला धरून मला बाजूला काढलं.

त्या दिवशी दोन कुस्त्या जिंकले. सेमीत जपानीनं मला असं फिरवलं की छतावरचे दिवे मोजता आले. दुसऱ्या दिवशी परत वजन दिलं, आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत कझाकस्तानच्या पोरीचा पट काढून शेवटच्या वीस सेकंदांत दोन पॉइंट घेतले. ती पूर्ण सहा मिनिटं लढली. मी पण. पदक गळ्यात पडल्यावर मला फक्त पाटवडी दिसत होती.

शेडमध्ये फोन केला तर तो नत्थुजींनी उचलला. ते आमच्या शेडमध्ये काय करत होते ते विचारायचं राहून गेलं.

"कोणतं भेटलं?"

"कांस्य."

"पूर्ण भरलं ना? कमी नाही ना?"

"पूर्ण, नत्थुजी."

दहा दिवसांनी गावी आले. तोवर ताश्कंदमध्ये, विमानात, दिल्लीत आणि नागपूरच्या मावशीकडे मी जे खाल्लं त्याची यादी करणार नाही. शेडमध्ये गेले तर काट्यावर वजनमापवाल्यांचा नवा शिक्का होता, आणि काट्याचं तोंड बाहेर, शेतकऱ्यांच्या बाजूला वळवलेलं. बाबांची खुर्ची होती तिथंच, पण तिथून आता आकड्याची फक्त पाठ दिसत होती. मालही निम्म्यावर आला होता. पाच-सहा जण अजून येत नव्हते, आणि त्यांचं बरोबरच होतं. नत्थुजी मात्र आलेले. आधी त्यांनी मला हात केला.

"माल मंग मोजू. पहिले पोरगी चढवा. बाहेरदेशात मोजलेली हाय, हिच्यावरून समजंल."

सगळे गोळा झाले. आई आली. बाबा खुर्चीतून उठून समोर येऊन उभे राहिले, म्हणजे त्यांनाही वाचता यावं. मी चढले.

नत्थुजींनी मोठ्यानं वाचलं, "सत्तावन्न आठशे."

"हा काटा चुकीचा आहे," मी म्हणाले.

बाबांनी शिक्क्यावर बोट ठेवलं.

"जास्त दाखवून राहिला. मी एवढी नाही. जुना आहे काटा."

"जुना कावून?" नत्थुजी म्हणाले आणि आपलं पहिलं कॅरेट उचललं. "उतर आता. संत्रे श्वास घेत नाही, थे बरोबर भरतीन."